एक तिकीट, एकटीचं

नाटकाचं तिकीट काढायला ॲप उघडलं की पहिला प्रश्न येतो: किती जागा? बहुतेक जण दोन म्हणतात, चार म्हणतात. जागा विकणारी प्रणाली बनवताना आमच्या धंद्यातल्या लोकांना एक नियम वारंवार भेटतो. विकलेल्या दोन जागांच्या मधे एकच खुर्ची रिकामी राहील अशी निवड गिऱ्हाइकाला करू द्यायची नाही. कारण ती खुर्ची मग खपत नाही. हा नियम सगळीकडं नसतो, पण जिथं असतो तिथं तो एक गोष्ट धरून चालतो: खेळ बघायला माणूस एकटा येत नाही.

हा लेख त्या मधल्या खुर्चीबद्दल आहे. तिच्यावर बसायला येणारं माणूस कधीपासून येऊ लागलं, कोण आधी आलं, कोण उशिरा आलं आणि कोण अजून वाटेतच आहे, याबद्दल.

संध्याकाळी एकट्यानं नाटकाला जाणं ही स्वभावाची गोष्ट आहे असं आपण समजतो. कुणाला सोबत आवडते, कुणाला नाही. पण मराठी नाटकाची गेली पावणेदोनशे वर्षं बघितली तर स्वभावाचा भाग त्यात फार थोडा दिसतो. एकटं जाता येण्यासाठी चार गोष्टी लागतात. ओळखीवाचून मिळणारं तिकीट, आपल्याकडं कुणी बघणार नाही असा अंधार, माणसात बसणारी वेळ आणि परतीची गाडी. या चार गोष्टी वेगवेगळ्या काळात आल्या, आणि सगळ्यांच्या वाट्याला सारख्या आल्या नाहीत.

गोंधळाला प्रेक्षक नसतो

माझं गाव बेंबळी. धाराशिव तालुक्यातलं मोठं गाव, जिल्ह्याच्या ठिकाणाहून वीसेक किलोमीटर. गावात नाट्यगृह नाही. म्हणून रात्रीचे खेळ नव्हते असं मात्र नाही. तुळजापूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळं लग्न झालं, नवस फिटला की घरी गोंधळ. अंगणात चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ आणि तुणतुणं सुरू झालं की आधी गण, मग साऱ्या देवांना आवतण, मग आख्यान. मुख्य गोंधळी कथा लावतो आणि त्याचा साथीदार मधेच भलते प्रश्न विचारून, टवाळी करून ती पुढं ढकलतो. रात्र सरते. नाटकाला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे.

नसतो तो प्रेक्षक. गोंधळाला यजमान असतो, भावकी असते, सोयरे असतात, शेजारी असतात. कुणीतरी कुणाचा तरी कोणीतरी असतोच. कोण कुठं बसणार हे रात्र व्हायच्या आधीच ठरलेलं. म्हातारी माणसं पुढं, बाया एका अंगाला, पोरं जागा मिळेल तिथं. कोणत्या वस्तीनं किती लांब बसायचं तेही जुन्या काळी ठरलेलंच होतं. अशा ठिकाणी एकटं जाणं शक्यच नाही, कारण तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवलात की अमक्याची सून किंवा तमक्याचा नातू होता.

जत्रेतल्या तमाशाला तिकीट असायचं, तंबू असायचा, पण तो पुरुषांचा. फडात नाचणाऱ्या बायका, त्यांच्या जिवावर चालणारा खेळ, आणि समोर बसलेली जवळजवळ सगळी गडीमाणसं. गावातल्या बायकांच्या वाट्याला कनातीच्या बाहेर येणारी ढोलकी तेवढी.

मी पुण्यात नाटक बघून आले असं फोनवर सांगितलं की माझी आजी नाटकाचं नाव विचारत नाही. ‘कोणासंगं गेलतीस?’ एवढंच विचारते. त्या प्रश्नात पहारा आहेच. पण नुसता पहारा नाही. तिच्या आयुष्यात रात्रीचा खेळ म्हणजे सोबतीनं बघायची आणि दुसऱ्या दिवशी शेतात खुरपताना सोबतीनं आठवायची गोष्ट. एकटीनं बघितलेलं तिच्या लेखी अर्धंच बघितलेलं.

राजा गेला, तिकीट आलं

मराठी नाटकाची सुरुवातही अशा यजमानाच्या घरीच झाली. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. तो प्रयोग बघणारे लोक राजाचे पाहुणे होते. तिथं बसायला मिळणं हा मान होता, आणि मान विकत मिळत नाही.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले. आश्रय गेला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. हे नाट्यगृह १८४६ चं, जगन्नाथ शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. आपल्या इतिहासात हा प्रसंग मराठी नाटक व्यावसायिक झालं म्हणून सांगितला जातो. प्रेक्षकाच्या बाजूनं बघितलं तर त्याहून मोठं काहीतरी झालं. पहिल्यांदाच मराठी नाटक बघायला कुणाचा कोणीतरी असण्याची गरज उरली नाही. तिकीट विकणाऱ्याला तुमची भावकी विचारायचं काही कारण नव्हतं.

यानं सगळे सारखे झाले असं समजू नये. खुर्ची वेगळी, गॅलरी वेगळी, पिट वेगळं. ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दच आपल्याकडं हिणवायला वापरला जायचा. पण पिटात बसलेला माणूस तिथं त्याच्या पैशानं बसलेला होता. बाजूला कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि बाजूच्यालाही तो कोण हे माहीत नव्हतं.

एकटा प्रेक्षक हा असा मुंबईत तयार झाला. त्याला शहरानंही हातभार लावला. कोकणातून, घाटावरून गिरण्यांत आलेले पुरुष बायकापोरं गावी ठेवून आलेले. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागं सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. खानावळीत जेवायचं, गाळ्यात पाळीनं झोपायचं आणि पगार झाला की खेळ बघायचा. १९२२ मध्ये परळला दामोदर हॉल उभा राहिला, लालबागेत तमाशाची थिएटरं चालली, ती या माणसांवर. त्यांना कुणी विचारलं नाही की तू एकटाच कसा आलास. ते शहरातच एकटे आले होते.

दरपत्रकात नसलेली बाई

बायकांना नाटकं बंद होती असं म्हणणं बरोबर होणार नाही. १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि संगीत नाटक घराघरांत पोचलं. बायका येत होत्या. हस्तपत्रिकांवर स्त्रियांसाठी निराळी सोय असल्याचं छापायची पद्धत पडली. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी तर बायकांचेही दोन भाग केले होते: घरंदाज बायकांची जागा वेगळी आणि वेश्यांची वेगळी.

ही विभागणी नीट बघण्यासारखी आहे. घरंदाज बाई म्हणजे नवरा, भाऊ, सासू, निदान घरची मोलकरीण यांच्यासोबत आलेली बाई. एकटी आलेली बाई म्हणजे मग दुसऱ्या प्रकारातली. ‘नाटक आवडतं म्हणून एकटी आलेली बाई’ असा तिसरा प्रकार दरपत्रकात नव्हताच. तिनं पैसे द्यायचं ठरवलं असतं तरी कुठल्या रांगेत बसावं हा प्रश्न होता. आणि चुकीच्या रांगेत बसल्याची किंमत तिकिटाच्या दरापेक्षा फार मोठी होती.

गंमत म्हणजे त्या बायकांसमोर रंगमंचावर जी बाई होती ती पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ ला त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांची नेसण, दागिने, गजरे बघून पुण्या-मुंबईच्या बायका तशा नटू लागल्या हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्हणजे बाई कशी दिसावी हे बायका एका पुरुषाकडं बघून ठरवत होत्या, आणि बघायला येताना दुसऱ्या पुरुषाची सोबत घेऊन येत होत्या.

याच काळात बायका नाटकं लिहूही लागल्या होत्या. हिराबाई पेडणेकरांचं ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं रंगमंचावर आणलं. कलावंत घराण्यातली बाई, त्यामुळं नाटककारांच्या बैठकीत तिला येणं-जाणं होतं, प्रतिष्ठा नव्हती. दुसऱ्या बाजूला गिरिजाबाई केळकर, घरंदाज संसारी बाई. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला त्यांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहून उत्तर दिलं आणि १९२८ मध्ये त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. नाटक लिहिणारी बाई झाली, संमेलनाच्या व्यासपीठावर बसणारी बाई झाली. तिकीट काढून एकटी पिटात बसणारी बाई मात्र दिसत नाही. ती कुठं असलीच तरी तिचं नाव मिळायचं नाही, कारण प्रेक्षकाचं नाव इतिहासात कुणी लिहीत नाही.

अंधार आणि दुपार

आता तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टींकडं जाण्याआधी थोडं बाहेर बघू, कारण हा घोळ फक्त आपला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्येही रात्री नाट्यगृहात एकटी दिसलेली बाई संशयाचीच. प्रेक्षागार लख्ख उजळलेलं असायचं. लोक नाटक बघायला येत तसे एकमेकांना बघायलाही येत. १८७६ मध्ये जर्मनीत बायरॉइटला वाग्नरनं आपल्या संगीतिकांसाठी खास नाट्यगृह बांधलं आणि प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागारात जवळजवळ काळोख केला. १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय थिएटर विजेच्या दिव्यांवर चालू लागलं. वीज आल्यावर दिवे हवे तेव्हा घालवणं सोपं झालं. हळूहळू काळोखात बसून नाटक बघायची रीत पडली. काळोखात शेजारचा कोण आहे, कुणासोबत आला आहे, याला महत्त्व उरत नाही.

पण अंधारानं नाट्यगृहाच्या आतला प्रश्न सुटला, रस्त्यावरचा नाही. तो सोडवला दुपारच्या प्रयोगानं. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये दुपारचे प्रयोग वाढले तसे तिथं बायका मैत्रिणींबरोबर आणि मग एकट्याही येऊ लागल्या. खरेदीला म्हणून बाहेर पडायचं, नाटक बघायचं आणि दिवेलागणीपर्यंत घरी. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी दुपारी नाटकाला येणाऱ्या या तरुण मुलींची भरपूर थट्टा केली. थट्टा होऊ लागली याचा अर्थ त्या संख्येनं दिसू लागल्या होत्या.

आपल्याकडं कंपनी नाटकं रात्री नऊ-दहाला सुरू व्हायची आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायची. ही वेळ ज्याच्या घरी गाडी आहे किंवा ज्याला सकाळी उठायचं नाही अशा माणसाची होती. त्यात बदल झाला तो सिनेमानं मार दिल्यावर. १९३२ मध्ये बोलपट मराठीत आला आणि दोन-अडीच तासांत खेळ संपू शकतो हे लोकांनी बघितलं. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. गाणी मोजकी, प्रयोग आटोपशीर, आणि बायकांच्या भूमिकांत बायका: ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्रीधर विनायक वर्तकांनी ते रचलं होतं. त्याचा विषय असा: लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अट बाईला लावता, ती पुरुषाला का लावत नाही?

म्हणजे दुहेरी मापाबद्दलचं नाटक मराठीत १९३३ ला आलं. ते बघायला एकट्या बाईनं जावं की नाही, हे अर्थातच त्याच दुहेरी मापानं ठरत होतं.

शेवटची गाडी

माप हललं ते नोकरीनं आणि वाहनानं. दादर स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी शिवाजी मंदिर १९६५ मध्ये सुरू झालं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं. त्याच वर्षांत मुंबईत शाळांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या बायका वाढत होत्या. त्यांच्याकडं स्वतःचा पगार होता, रेल्वेचा पास होता आणि लोकलमध्ये बायकांचा डबा होता. रात्री साडेआठचं नाटक साडेअकराला संपलं तरी शेवटची लोकल बाकी असायची. रविवारी दुपारचा चारचा प्रयोग तर घरात फार चर्चा न होता जमायचा. पुण्यात लोकलची जागा दुचाकीनं घेतली. नाट्यगृहाच्या वाहनतळावर रात्री पावणेबाराला ओढणी गुंडाळून स्कूटी काढणाऱ्या बायका आज कुणाला नवल वाटत नाहीत. त्यांनी तिथवर यायला शंभर वर्षं घेतली आहेत.

आमच्या बाजूला या गोष्टी निराळ्या क्रमानं आल्या. नाटक कंपन्या पडदे-पेटारे घेऊन रेल्वेनं फिरायच्या. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, तेव्हा लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं. पण जिल्ह्याचं शहर त्या वाटेवर नव्हतं. धाराशिवला रेल्वे आली ती थेट रूंद मार्ग झाल्यावर, २००८ च्या सुमारास. वरून निजामाचं राज्य. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ नं जाहीर सभा-समारंभाला परवानगीची अट घातली. संध्याकाळी चार माणसं एका ठिकाणी बसणं हाच जिथं सरकारला संशय, तिथं नाटकाची सवय कशी लागावी? सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. त्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली होती, पण ती मुंबई प्रांताची. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर मग लाल गाडी आमचीही झाली.

तरी मराठवाड्यानं रंगभूमीला माणसं दिली. १९९१ चं ‘चारचौघी’, पुरुषाच्या आधारावाचून उभं राहणाऱ्या बायकांचं नाटक, लिहिलं प्रशांत दळवींनी आणि बसवलं चंद्रकांत कुलकर्णींनी. दोघेही औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या रंगभूमीवर घडलेले. जालन्याकडच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ तर मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी रांगा लावून बघितलं. नाटक करणारे आमच्याकडून गेले. नाटक बघायची संध्याकाळ आमच्याकडं आली नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये ९७ वं नाट्यसंमेलन धाराशिवात भरलं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. मांडव पडले, लोक आले, घरंच्या घरं आली. मग मांडव उतरले.

मग आता काय

शहरात राहणाऱ्या माझ्या पिढीच्या मुलीला आज तिकीट मिळतं, अंधार मिळतो, वेळ मिळते, गाडी मिळते. शिवाय एक पाचवी गोष्ट मिळते. नाटक संपून रिक्षात बसलं की आम्ही घरच्यांना लाईव्ह लोकेशन पाठवतो. नकाशावरचा निळा ठिपका हलताना बघत कुणीतरी जागं असतं. पूर्वी सोबत यायला मोलकरीण किंवा भाऊ लागायचा, आता ते काम फोन करतो. याला एकटं जाणं म्हणायचं का, हा वाद घालता येईल. मला वाटतं म्हणावं, कारण नाटक चालू असताना तो फोन बंद असतो. त्या अडीच तासांत मी कुणाची कोण हे कुणालाच माहीत नसतं, आणि घरी पोचेपर्यंत मलाही त्याची आठवण होत नाही. आजीला जे अर्धं वाटतं तेच मला पुरं वाटतं.

बेंबळीतल्या मुलीचं गणित मात्र कुठं अडतं ते आता बोट ठेवून दाखवता येतं. पैशाशी अडत नाही असं नाही, पण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. धाराशिवला कॉलेजात जायला ती रोज तीच गाडी धरते. घरच्यांच्या मनाशी अडतं, हे खरं. पण घरच्यांचं मन आणि एसटीचं वेळापत्रक या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत. खेड्यात मुक्कामी गाडी असते. ती रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर जेवून झोपतात, पहाटे ती परत निघते. शहरात साडेअकराला पडदा पडेल तेव्हा ती गाडी गावात केव्हाच झोपलेली असते. ज्या रात्रीला परतीची गाडी नाही, तिथं ‘जाऊ नको’ म्हणायला आईबापाला वेगळं कारण लागत नाही.

म्हणून मोठ्या नाट्यगृहाची मागणी जरूर व्हावी, पण तेवढ्यानं हे सुटणार नाही. लंडनला, न्यूयॉर्कला आणि आपल्या दादरला जे उपयोगी पडलं ते साधं होतं: दुपारचा प्रयोग. धाराशिवात हौशी मंडळी नाटक बसवतात, एकांकिका होतात, बाहेरचे दौरे अधूनमधून येतात. त्यातला एक प्रयोग दुपारी बाराला ठेवा. कॉलेज सुटल्यावरचा, अडीच-तीनला संपणारा. हस्तपत्रिकेवर प्रयोगाच्या वेळेखाली बेंबळीकडं, तुळजापूरकडं, कळंबकडं जाणाऱ्या गाड्यांच्या वेळाही छापा. आणि ऑनलाईन तिकीट विकणार असाल, तर रांगेतली मधली एकटी खुर्ची निवडायला मोकळी ठेवा. ती एक ओळ प्रणालीतून काढायला फार वेळ लागत नाही.